येव्यावरचं घर

येव्यावर चप्पल घालून जायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक होता. येवा म्हणजे ज्या जमिनीवरून तलावात पाणी येतं ती जमीन. परक्या माणसाला तिथं काहीच दिसत नाही. थोडं खोलगट गवताळ रान, दोनचार बाभळी, चरणाऱ्या म्हशी. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि त्याचं पाणी कोणाच्या धानाला कोणत्या दिवशी सोडायचं ते बाबा ठरवायचे. जेठाच्या उन्हात बाबा अख्खा येवा अनवाणी चालत. कुठं माती गार लागते, कुठं कडक झाली, कुठं कोणी बांध घालून पाणी अडवायची हुशारी केली, ते सगळं त्यांना चालता चालता कळायचं. माझे पाय भाजायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "बूट घालून फिरणाऱ्याले काय समजते बे?"

मला मात्र बूटच घालायचे होते. मॅट्रिक झालो, नागपुरात ड्रॉइंग शिकलो, आणि भिलाईचा कारखाना उभा होत होता त्या वर्षांत तिथल्या वसाहतीची आखणी करणाऱ्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागलो. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा निळसर मेणचट कापडावर शाईनं गिरवायचा, त्या कापडावरून छापे निघायचे, आणि छाप्यात जसं असेल तसं जमिनीवर उभं राहायचं. आज मी ओढलेली रेघ चार महिन्यांनी सडक झालेली दिसायची. बावीस-तेवीस वर्षांच्या माणसाचं डोकं फिरायला आणखी काय लागतं?

ते दिवस आठवले की अजून जीव हलतो. कॅम्पातली टिनाची शेड, तिच्यात आम्ही सहा जण, सहा मुलखांचे. कोणी केरळचा, कोणी पंजाबचा, एक आंध्राचा, जो आमच्या वरणात चिंच नाही म्हणून रोज हळहळायचा. सकाळी भोंगा झाला की लाल धुळीतून सायकलींची रांग निघायची. कपडे लाल, नाक लाल, भातसुद्धा लालसर. बाजारात रशियन बाया भेंडीचा भाव हिंदीत करायच्या आणि भाजीवाली छत्तीसगढीत उत्तर द्यायची, आणि सौदा होऊनही जायचा. कोणाचंच काही जुनं नव्हतं तिथं. सगळे एकाच वेळी नवे आलेले, त्यामुळं कोणी कोणाला हसत नव्हतं.

जुना होता तो फक्त तलाव. कॅम्पापासून सायकलीनं दहा मिनिटांवर एक गाव होतं आणि त्याला लागून हा तलाव. गावातले लोक त्याला तरिया म्हणत. मधोमध लाकडाचा एक खांब उभा; या तलावाचं लग्न झालेलं आहे याची ती खूण. लग्न लावल्याशिवाय नव्या तलावाचं पाणी देवाला चालत नाही, अशी तिकडची रीत. कॅम्पातल्या नळाला पाणी यायचं करंगळीएवढं, म्हणून रविवारी आम्ही सगळे तिथं आंघोळीला जायचो. बायांचा घाट वेगळा, पुरुषांचा वेगळा, गुरांची बाजू तिसरी, आणि प्यायचं पाणी भरायचं ते पलीकडून. एक म्हातारा दिवसभर पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून ही शिस्त राखायचा. आमच्या पंजाब्यानं एकदा प्यायच्या बाजूला साबण लावला तर म्हाताऱ्यानं त्याला असा काही झापला की तो सहा फुटी गडी फेसासकट पळाला. पुढं शिंगाड्याच्या दिवसांत त्याच म्हाताऱ्यानं आम्हाला टोपलंभर शिंगाडे उकडून दिले. त्या पारीवर बसलो की मला गावी असल्यासारखं वाटायचं, आणि लगेच घरची आठवण येऊन जीव कासावीस व्हायचा.

कारण माझी माणसं तिकडं होती. पोरगी झाली तेव्हा सुट्टी घेऊन गेलो होतो. ती सव्वा महिन्याची असताना परत आलो. टिनाच्या शेडीत बायकोला कुठं ठेवणार? क्वार्टर मिळालं तरच आणता येणार होतं. बायकोचं पत्र यायचं, पोरगी पालथी पडली, पोरगी बसायला लागली, आणि मी ते पत्र उशीखाली ठेवून तिचं तोंड आठवायचा प्रयत्न करायचो. आठवायचं नाही. तान्ह्या लेकराचं तोंड रोज बदलतं, काय आठवणार डोंबलाचं!

अशात कचेरीच्या बडेबाबूंनी सांगितलं की नव्या सेक्टरची पहिली रांग त्या तलावाच्या वरच्या अंगाला होणार, आठ क्वार्टरांची, आणि ती आमच्या कचेरीतल्या कुटुंबवाल्यांना मिळणार. यादी लागली. माझं नाव होतं. त्या दिवशी मी शेडीतल्या सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

आमचे आखणीचे साहेब बंगाली होते. बोलायला तुसडे, पण मनानं सरळ. कारखान्याच्या घाईत आजूबाजूचे काही तलाव बुजले होते आणि ते त्यांना खुपत होतं. या सेक्टरच्या वेळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि निळ्या रंगाची वडी माझ्यापुढं ठेवली. "यह तालाब रहेगा. तालाब को जो-जो जमीन चाहिए, वह सब नीला करो. नीले पर मकान नहीं बनेगा. तुम तालाब वाले आदमी हो, जाकर देखो." एवढ्या लोकांत साहेबांनी मला ओळखलं म्हणून छाती फुगली माझी.

मे महिन्यात मी पाहायला गेलो. मुलूख असा सपाट की उतार डोळ्याला दिसत नाही, आणि मोजणीवाल्यांच्या उंचीच्या रेषांतही तो सापडला नव्हता. म्हातारा मला पारीवरून वर घेऊन गेला आणि एका रुंद गवताळ पट्ट्यापाशी थांबला. भोवती सगळं करपलेलं, आणि तेवढं गवत हिरवं. हात पसरून म्हणाला, "इही डहर ले पानी आथे, बाबू." याच वाटेनं पाणी येतं. मी हातातला कागद पाहिला. आमची आठ क्वार्टरं नेमकी त्या पट्ट्यावर आडवी पडत होती.

माझा हात बुटाच्या नाडीला गेला होता. सवयच ती. गेला, आणि मी तो मागं घेतला. बूट काढले असते तर मातीचा गारवा पायाला लागला असता, आणि मग मला 'कळलं नाही' म्हणायला जागा उरली नसती. खरं म्हणजे तेव्हाच कळलं होतं सगळं. म्हाताऱ्याला म्हटलं, "लिख लिया, बाबा." त्यानं हात जोडले. वहीत मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

नकाशात तलाव मी सुंदर निळा केला. कडा कुठं फुटली नाही, डाग पडला नाही. वरचा पट्टा कोरा ठेवला. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "पानी किधर से आता है?" मी म्हणालो, "चारों तरफ से, सर." माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. साहेबांनी मान हलवली आणि सही केली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

वर आणखी बायकोला पत्र लिहिलं, चार पानी. आपलं घर असं, समोर तलाव, मागं मोकळं रान, मे महिन्यातसुद्धा हिरवंगार गवत, तुला गाय पाळता येईल, पोरीला खेळायला जागा होईल. घराचा आराखडासुद्धा काढून पाठवला. चूल कुठं मांडायची तिथं फुली केली.

पावसाळा लागला तरी काम थांबलं नाही. कारखान्याला माणसं हवी होती, माणसांना घरं हवी होती. पायाचे चर खणले, माती वर टाकली, आणि त्या मातीचा आपोआप एक बांधच झाला. श्रावणात एके दिवशी कचेरीच्या दारात बाबा उभे. हातात पिशवी, डोक्यावर घोंगडीची खोळ, न कळवता आलेले.

"तुयं घर पाहाले आलो," म्हणाले.

मी त्यांना घेऊन गेलो. आठही क्वार्टरांचे चर काठोकाठ भरलेले, ठेकेदाराचा पंप ते पाणी उपसून सडकेच्या नालीत सोडत होता, आणि ती नाली जात होती उलटीकडं, दूरच्या ओढ्याला. खाली तलाव अर्धाही भरला नव्हता. ऐन श्रावणात! बाबांनी पायातलं काढलं, धोतर खोचलं, आणि त्या गवतात शिरले. वीसेक पावलं गेले, थांबले, परत आले.

"पाणी चाललं आहे अजून. पायाले लागते," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुयी बायको म्हणाली, मामाजी, मे महिन्यात हिरवं गवत कसं राहीन? जाऊन पाहून या, ते येव्यावर तं नाही बसून राहिले."

माझं डोकंच सणकलं. माझ्या चार पानांतलं तिला एवढंच दिसलं! जिच्यासाठी मी हे केलं तिनंच सासऱ्याला माझ्यावर पाठवावं? मी भर रस्त्यात बाबांवर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं. "तुमाले काय होते बोलाले! तुमी नातीले खांद्यावर घेऊन गावभर फिरता. मले तिचं तोंड आठवत नाही, बाबा! मले माही माणसं पाहिजेत. तलाव गेला चुलीत!"

"माणसं पाहिजेतच ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो?" बाबा हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात पारीवरचा तो म्हातारा आम्हाला पाहून वर आला. त्याला चिडायचा हक्क होता, पण तो चिडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "लिखे रहेव ना, बाबू?" तुम्ही लिहिलं होतं ना? मी हो म्हणून मान हलवली. तोच माझी समजूत घालायला लागला, की तुम्ही लिहिलं होतं, मोठ्या साहेबांनी वाचलं नसेल, तुमचा काय दोष. बाबांना छत्तीसगढी येत नव्हती. पण त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुर्गला गाडीत बसवायला गेलो तेव्हा खिडकीतून म्हणाले, "मी तुले सांगाले नाही आलो. सुनेनं पाहाले पाठवलं, पाहून चाललो. तिले काय सांगू तेवढं सांग." गाडी सुटली. म्हाताऱ्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं, हे मला तिथल्या तिथं, त्या फलाटावर कळलं. त्यानं माझी बाजू घेतली. ते काही सोसलं नाही मला.

स्टेशनवरून सायकल सरळ कचेरीत आणली. साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिलो आणि सांगून टाकलं. पाणी चारी बाजूंनी येत नाही, एकाच बाजूनं येतं, आणि तिथं आपण घरं बांधतो आहोत.

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "गलती हुई, या गलती की?"

"की, सर."

"क्यों?"

"उस लाइन में मेरा क्वार्टर है, सर."

मला वाटलं, नोकरी गेली. मग त्यांनी कपाटातून ते ट्रेसिंगचं कापड काढलं आणि माझ्यापुढं टाकलं. "आठों मकान काटो. अपने हाथ से. और बाकी सात घरवालों को भी तुम ही बताओगे."

कापडावरची शाई रबरानं जात नाही. पात्यानं हलक्या हातानं खरवडावी लागते. जोर दिला तर कापड फाटतं. मग त्या जागेवर खडूची पूड चोळायची, नाहीतर नवी शाई पसरते. आठ घरं मी एकेक करून खरवडली. माझं घर डावीकडून तिसरं. चूल मांडायची म्हणून फुली केली होती ती भिंत, पोरगी खेळेल ते अंगण. डोळे भरून आले तर कापडावर पाणी पडू नये म्हणून मी खुर्ची मागं सरकवून बसलो. मग तो पट्टा निळा केला, वरपासून तलावापर्यंत, आणि पाणी पलीकडं जायला सडकेखालून एक मोरी दाखवली.

सात जणांना सांगणं त्याहून वाईट होतं. एकाच्या बायकोनं माहेरचा निरोपही घेऊन ठेवला होता. तो माझ्याशी पुढं कधीच बोलला नाही. बाकीचे महिनाभर बोलले, फक्त शिव्यांतून. ती रांग दुसरीकडं बांधायचं ठरलं आणि तिथं त्या सातांना घरं मिळाली. माझं नाव यादीच्या तळाशी गेलं. साहेबांनी नोकरी ठेवली, एवढी सजा मात्र दिली, आणि तीही कोणाला कारण न सांगता.

बायकोला सगळं खरं कळवलं. या वेळी अर्ध्या पानात उरकलं. तिचं उत्तर एका ओळीचं. "बरं केलं. पोरगी आता चालते."

तिला यायला त्यानंतर दोन पावसाळे गेले. मधे मला रजा मिळाली ती एकदाच, आठ दिवसांची. पोरगी गोवरानं फणफणलेली होती, डोळे उघडून पाहिलंही नाही तिनं. त्या दोन पावसाळ्यांत चर बुजले, मातीचा बांध काढला, मोरी झाली, आणि तलाव पुन्हा सांडव्यावरून वाहायला लागला. म्हाताऱ्याला मी एका रविवारी बसवून सांगितलं की मी लिहिलं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, आता तर लिहिलंस ना. त्या वर्षीचे शिंगाडे नेहमीसारखेच आले.

शेवटी क्वार्टर मिळालं, तलावापासून लांब, सेक्टरच्या पार दुसऱ्या टोकाला. दुर्ग स्टेशनवर त्यांना आणायला गेलो. बायको उतरली, ट्रंक उतरली, आणि तिच्या मागं झालरीचा फ्रॉक घातलेली, दोन वेण्या घातलेली एक परकी पोरगी उतरली. मी हात पुढं केले. ती आईच्या लुगड्यामागं गेली आणि म्हणाली, "आई, हा माणूस ट्रंक नेईन का?"

बायको हसली, मीही हसलो. हसायचंच होतं ते. बायकोनं सांगितलं, अवो, बाबा होय हा तुया. पोरीनं ऐकलं आणि हात जोडून नमस्कार केला. मोठ्या माणसाला करायला आजोबांनी शिकवला होता तसा.

बायकोला मी पुढं एकदा विचारलं, तुला तेव्हा घर नको होतं का? भांडी घासता घासता म्हणाली, "पाहिजे होतं. म्हणून तं रडली दोन दिवस. पण येव्यावर चूल कशी मांडू?" एवढंच. त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही.

आता मी भिलाईतच, स्मृती नगरात राहतो. तिकडं जाणं कमीच होतं, पण एखाद्या पावसाळ्यात नातवाच्या स्कूटरवर बसून जातो. सेक्टरची झाडं मोठी झाली आहेत. तो पट्टा अजून मोकळा आहे. लोक त्याला नाला म्हणतात, कचरा टाकतात, दर दोनचार वर्षांनी कोणाला तरी तिथं दुकानं काढायची असतात. अजून निघाली नाहीत. तलाव भरलेला पाहिला की मला बरं वाटतं. आणि खरं सांगतो, त्याच घडीला त्या पाण्याचा रागही येतो. पश्चात्ताप नाही म्हणणारे लोक खोटं बोलतात. मला आहे. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि पुन्हा रडीन.

धाकटे दोघं इथंच जन्मले. ते येतात ते सरळ स्वयंपाकघरात शिरतात, डबे उघडतात, माझ्याशी वाद घालतात, मला म्हातारा म्हणतात. थोरली रायपूरला असते, तिचेच केस पिकले आता. महिन्यातून एकदा येते. दार उघडं असलं तरी उंबऱ्याबाहेर थांबते आणि विचारते, "बाबा, येऊ?" मी म्हणतो, अवो बाई, तुयंच घर होय, विचारते कावून? ती हसते, आत येते, आणि मी बस म्हणेपर्यंत उभी राहते.